आत्याची बेटं

रंगाच्या दुकानात खिडकीशी एक उंच स्टूल होतं आणि त्या स्टुलावर आत्या बसायची. दुकान भाऊ चालवायचा, पाटीवर नाव वडिलांचं होतं, पण अमुक रंग बरोबर की चूक हे ठरवायचा अधिकार स्टुलाचा. गिऱ्हाईक वाट्टेल ते घेऊन यायचं. कुणी भिंतीचा पोपडा, कुणी जुन्या पडद्याची चिंधी; एका बाईने तर कोटाचं बटण आणलं होतं, स्वयंपाकघर अगदी अस्संच हवं म्हणून. आत्या ती वस्तू उजेडात धरायची, एक डोळा बारीक करायची आणि सांगायची की पांढऱ्यात पिवळ्याचे इतके थेंब, काळ्याचा एखादा, आणि तांबड्याची नुसती आठवण. भाऊ खाली उभा राहून सांगितलं तसं ढवळायचा. रंग जुळवणारं मशीनही होतं कोपऱ्यात. कंपनीने दिलेलं. त्यावर आत्या टॉवेल वाळत घालायची.

रंगांइतकीच तिला माणसं जुळवायची खोड होती. समोरच्याला जरा उजेडात सरकायला सांगून ती त्याचा ताळेबंद मांडून मोकळी व्हायची: कान आजोळचे, हनुवटी बापाची, चालणं थोरल्या काकांचं, बोलणं मात्र कुणाचंच नाही, ते शाळेत बिघडलं. स्वतःचं लग्न तिने केलं नव्हतं. जुळणारी शेड मिळाली नाही, असं सांगायची. स्वतःच्या घराण्याबद्दल तर तिला तिळमात्र शंका नव्हती. आजोबांचा डोळा वडिलांकडे आला, वडिलांचा तिच्याकडे, आणि जो काही चोथा उरला तो भावाकडे. "डोळा रक्तात असावा लागतो," हे ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. भाऊ मान डोलवायचा. पन्नाशी उलटून टक्कल पडलं तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची, तेव्हा त्याला मान डोलवण्याखेरीज दुसरं काही सुचतही नसे.

या ताळेबंदात न बसणारं घरात एकच माणूस होतं. भाची. भावाने आणि भावजयीने तिला दत्तक घेतलं तेव्हा ती रांगायलाही लागली नव्हती. दुकानात आणलेल्या पहिल्याच दिवशी तिने उघड्या डब्यात बोट घातलं आणि ते नाकाच्या शेंड्याला लावलं. तेव्हापासून ती ठिपकी. आत्याचा तिच्यावर जीव होता. शाळेत असताना तिची दप्तरं आत्याने रंगवली, तिच्यासाठी मास्तरांशी भांडली, तिला तापात मांडीवर घेऊन शेडकार्ड वाचून दाखवलं. पण लाड वेगळे आणि स्टूल वेगळं. ठिपकी आता कॉलेजात होती, सुट्टीत दुकानात रंग ढवळायची, झाकणं ठोकायची, गिऱ्हाइकांना हसवायची. स्टुलावर बसायचं म्हटलं की आत्या तेच वाक्य म्हणायची, रक्ताचं. वाईट हेतूने नव्हे. पाऊस वरून पडतो म्हणावं इतक्या सहज.

ठिपकीचे केस कुठल्याच कंगव्याला दाद देत नसत आणि पुढच्या दोन दातांत अशी फट होती की ती त्यातून शिट्टी वाजवायची. त्यामुळे नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, कोणावर गेली हो ही? ठिपकीने उत्तरांचा साठाच करून ठेवला होता. कधी ती सांगायची, पोस्टमनवर. कधी, मागच्या जन्मीच्या मालकिणीवर. एकदा तिने गंभीर चेहऱ्याने मशीनकडे बोट दाखवलं होतं. भाऊ आणि भावजय हसायचे, गिऱ्हाईक ओशाळायचं, आणि आत्याच्या लक्षात यायचं की पोरगी हसून झाल्यावर खिडकीच्या काचेत स्वतःकडे हळूच बघते.

म्हणूनच ठिपकीने थुंकी पाठवून डीएनए तपासून घ्यायची गोष्ट काढली तेव्हा कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. डब्यात नळी येते, नळीत थुंकायचं, डबा परत पाठवायचा. काही आठवड्यांनी फोनवर नकाशा येतो, तुमचं रक्त कुठकुठून वाहत आलं त्याचा. आईबाप शोधायचे नव्हते तिला, आईबाप तिच्याकडे होते. तिला फक्त खरं उत्तर हवं होतं, पोस्टमनपेक्षा बरं. भावजय लगेच हो म्हणाली आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन एक स्वच्छ भांडं पुन्हा घासू लागली. धास्ती वाटली की ती भांडी घासते, हे भावाला ठाऊक होतं. तो जाऊन पुसायला उभा राहिला.

आत्याने मात्र धंद्यातली अडचण काढली. नुसता नमुना तपासून काय कळणार? शेजारी मूळ रंग ठेवल्याशिवाय कुठलीही शेड ओळखता येत नाही. तेव्हा तिचीही तपासणी व्हायला हवी आणि बाळ्याचीही. म्हणजे अस्सल कसं दिसतं ते शेजारी ठेवून बघता येईल. अस्सल हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि भाऊ पुसलेलं भांडं पुन्हा पुसू लागला. मग ठिपकी म्हणाली की उत्तम, तीन डबे एकदम मागवले की स्वस्त पडतात. भावजयीने स्वतः थुंकायला साफ नकार दिला. घरात एक तरी माणूस शहाणं राहायला हवं, म्हणाली.

थुंकायचा कार्यक्रम दुकान बंद असताना रविवारी सकाळी झाला. आधी काही खायचं नाही, प्यायचं नाही, आणि नळी रेघेपर्यंत भरायची. त्यात फेस मोजायचा नाही. भावाने चटकन भरली आणि तो इतका खूश झाला की शाळेत पहिला आल्यासारखा नळी नाचवू लागला. ठिपकीने शिट्टी वाजवत भरली. घोडं अडलं आत्याचं. आयुष्यभर बडबड केलेली बाई, पण ऐन वेळी तोंडाला कोरड. भावजयीने समोर लिंबू कापून धरलं. भावाने आंबट चेहरे करून दाखवले. शेवटी ठिपकीने मशीनवरचा टॉवेल काढला आणि विचारलं की आजपासून हेच वापरायचं का. तेव्हा संतापाने आत्याच्या तोंडाला असं पाणी सुटलं की नळी रेघेच्याही वर गेली.

आता नळ्यांवर खुणा करायच्या होत्या. त्यांच्यावर कंपनीचा बारीक आकडा छापलेला होता, पण या दुकानात छापील गोष्टींवर विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. ओल्या हातांनी लेबलं विरघळतात, चिठ्ठ्या चिकटतात. म्हणून वडिलांच्या काळापासून प्रत्येक डब्याच्या झाकणावर त्यातल्याच रंगाचा एक ठिपका लावायचा शिरस्ता होता. आत्याने नळ्यांनाही ठिपके लावले. भावाला विटकरी, कारण तो साधा माणूस. स्वतःला 'मलई' आणि ठिपकीला 'कापूस'.

आता हे दोन्ही रंग पांढरेच. मलईत पिवळ्याचा एक श्वास जास्त, कापसात निळ्याचा. ठिपकी म्हणाली, "आत्या, मला निळाच लाव की सरळ." आत्या म्हणाली की मलई आणि कापूस ज्याला वेगळे दिसत नाहीत त्याने या दुकानात पाऊलच ठेवू नये. ठिपकीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आत्याने हे का केलं, ते आत्यालाच ठाऊक होतं. गेलं वर्षभर तिला पांढरे रंग एकसारखे दिसू लागले होते. कापूस, मलई, शिंपला, सगळे एकाच जुन्या उशीच्या अभ्र्याचे तुकडे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. स्टुलावर बसून हुशारीने निभावत होती. गिऱ्हाइकाने पांढरा मागितला की त्यालाच विचारायची, तुमच्या मनात काय आहे? आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, काय बाई आहे, आधी माणूस ओळखते. ज्याला खड्ड्याची भीती वाटते तो मुद्दाम काठावरून चालून दाखवतो, तशातला हा प्रकार होता. दुपारी ठिपके वाळल्यावर आत्याने नळ्या एकटीने उचलल्या, खिडकीशी धरल्या, एक डोळा बारीक केला आणि नावं घातलेल्या डब्यांत ठामपणे भरल्या. ठामपणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग ठिपकीची परीक्षा आली, ती घरीच अभ्यासाला बसली, आणि डबे गेले हेही सगळे विसरले. निकाल आले तेव्हा तिची परीक्षा नुकतीच संपली होती. दुकानात गर्दी नव्हती. ठिपकीने आपला फोन दुकानातल्या, शेड दाखवायच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि सगळे समोर उभे राहिले, आत्या अर्थात स्टुलावर.

भावाचा नकाशा पहिला. सगळं जग राखाडी आणि एका जागी एक गोल, ज्यात नावसुद्धा नीट मावेना. पिढ्यान् पिढ्या या माणसांनी गल्ली ओलांडली नव्हती. आत्याने समाधानाने मान हलवली. अस्सल.

मग ठिपकीचा. तोच गोल, तीच जागा, तीच गल्ली. आणि खाली एक ओळ: भावाशी जवळचं रक्ताचं नातं, बहुधा सख्खी भावंडं.

भावजयीने ती ओळ दोनदा वाचली. मग सावकाश नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अभिनंदन. बहीण झाली तुम्हाला." भावाने पडद्यावरची ती ओळ बाहीने पुसून पाहिली. तो इतका लाल झाला की त्याची शेड सांगता आली असती. ठिपकीचं हसू दातांच्या फटीतून शिट्टी होऊन बाहेर पडलं.

"माझा लावा," आत्या म्हणाली.

आत्याचा नकाशा उघडला आणि दुकानात रंगांचा डबा सांडावा तसं झालं. दक्षिणेच्या समुद्रातल्या बेटांची अख्खी माळ उजळली होती. तिथून पलीकडच्या किनाऱ्यावर एक पट्टा, मग उंच पठारावर एक मोठा डाग, वाळवंटाच्या कडेला एक शिंतोडा, आणि उरलेला थोडा भाग कुठला ते कंपनीलाही सांगता आलं नव्हतं. आपल्या गल्लीचा मागमूस नाही. भावाशी नातं: आढळलं नाही.

भाऊ म्हणाला की काहीतरी अदलाबदल झाली असणार. आत्या त्याच्याकडे न बघता म्हणाली, "नळ्या मी स्वतः भरल्या." यावर पुढे बोलायची या दुकानात पद्धत नव्हती. भावजयीने तोंड उघडलं. ठिपकीने तिचा पदर हलकेच ओढला आणि तिने ते मिटलं. आत्याला हे दिसलं नाही. तिला नकाशाखेरीज काहीच दिसत नव्हतं.

तिची विचार करायची पद्धत हिशेबी होती आणि हिशेब तिने तिथल्या तिथे पुरा केला. पोरगी बाळ्याची बहीण असणं शक्य नाही. आई गेली तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती. पण मशीनला नातं कसलं कळतंय, मशीनला रक्त कळतं. रक्त याच घराचं आहे, कुठल्यातरी चुलत्या-पुतण्याच्या वाटेने फिरून आलं असेल. आणि आपलं नाही. लहानपणी आई म्हणायची, तुला बोहारणीकडून भांड्यावर घेतली. सगळ्याच आया म्हणतात. ही खरं बोलत होती. म्हणूनच आपले पाय घरात सगळ्यांत मोठे. म्हणूनच फोटोत आपण नेहमी कडेला.

आत्या स्टुलावरून खाली उतरली. पदराने स्टूल पुसलं. "ये," ती ठिपकीला म्हणाली, "बस. तुझं आहे हे."

ठिपकी नको नको म्हणत राहिली, पण नियम आत्याचाच होता आणि नियम मोडायला ती तयार नव्हती. घरी सगळ्यांना वाटलं, आता ही अंथरूण धरणार. भावजयीने मऊ खिचडी टाकली. भाऊ दाराबाहेर घुटमळत होता. सकाळी आत्या उठली ती खिडक्या सताड उघडत. म्हणाली, आम्हा बेटावरच्या लोकांना कोंडलेली हवा सोसत नाही.

तिथून पुढे तिला आवरणं कठीण झालं. रिपोर्टात नुसती ठिकाणं होती. धंदे आत्याने जोडले. बेटांवरचे तिचे लोक होड्या बांधणारे ठरले, पठारावरचे मेंढपाळ, आणि वाळवंटाच्या कडेचा शिंतोडा म्हणजे व्यापारी, कारण घासाघीस तिला कुणी शिकवली नव्हती, ती आतूनच यायची. एवढी वर्षं स्वतःच्या ज्या ज्या गोष्टींचा उलगडा झाला नव्हता तो आता भराभर होऊ लागला. मोठ्याने बोलणं? समुद्रावर हाका मारून मारून. पहाटे जाग येणं? मेंढ्या. लग्न न करणं? होडी कुणाच्या खुंट्याला बांधून ठेवतात का. तिने केस मोकळे सोडले. गिऱ्हाइकांना ती शेडऐवजी वारे सांगू लागली. एका रंगाऱ्याला तिने निळा इतका उत्साहाने विकला की तो पिवळा घ्यायला आला होता हे त्याला घरी गेल्यावर आठवलं.

भावाला ती आता बाळ्या म्हणेना, अहो म्हणू लागली. तो रडकुंडीला आला. घरात भावजय त्याला चेष्टेच्या सुरात विचारायची, काय हो, बहीणभाऊ जेवणार का एकत्र? आणि ठिपकी स्टुलावर बसून रंग सांगायची, अचूक, हळू आवाजात, आणि दिवसातून कितीतरी वेळा म्हणायची, आत्या, बेटांचं सांग ना. आत्याला वेगळं निमंत्रण लागत नसे. ती सांगायची आणि ठिपकी हनुवटीखाली मूठ घेऊन ऐकायची. कधी ऐकता ऐकता पडद्यावरच्या नकाशाकडे बघायची आणि पटकन नजर काढून घ्यायची, दुसऱ्याच्या ताटाकडे बघितल्यासारखी.

अशातच समोरच्या इमारतीतला दातांचा डॉक्टर आला. तो कधी आवाज चढवत नसे. चढवला तर पेशंट तोंड मिटतात. त्याने नम्रपणे विचारलं की जरा येऊन भिंत बघाल का. आत्या केस मोकळे सोडून रस्ता ओलांडून गेली.

खुर्चीसमोरची ती भिंत, पेशंटला दुसरं काही बघायला नसतं म्हणून मुद्दाम पांढरी केलेली. अर्धी भिंत पहिल्या डब्याने झाली होती, उरलेली दुसऱ्याने, जो ठिपकीच्या परीक्षेच्या दिवसांत आत्याने एकटीने जुळवून दिला होता. डॉक्टर म्हणाला, मधोमध रेघ दिसते. मदतनीस मुलगी म्हणाली, चांगलीच दिसते. खुर्चीतला पेशंट, ज्याच्या तोंडात कापसाचे बोळे होते, त्यानेही बोट वर करून रेघ नेमकी कुठे आहे ते दाखवलं.

आत्याने डोळा बारीक केला. तिच्यासमोर एक अखंड भिंत होती, जुन्या उशीच्या अभ्र्यासारखी.

डॉक्टर हुशार होता. त्याच्याही धंद्यात पांढऱ्याचे प्रकार असतात. त्याने नकली दातांची माळ काढली, प्रत्येक दात वेगळ्या पांढऱ्याचा, आणि सहज म्हणून तिच्या हातात दिली. आत्याने ती पाहिली. सगळे एकाच तोंडातले वाटले तिला. तो हळूच म्हणाला, "आत्या, डोळे कधी दाखवलेत? मोतीबिंदू वाटतो. त्यात सगळं पिवळं पडत जातं, माणसाला कळत नाही."

पेशंट उठला होता, त्या रिकाम्या खुर्चीत आत्या जाऊन बसली. समोर भिंत होती. भिंतीवर तिला दोन ठिपके आठवले. मलई आणि कापूस. एक नळी या डब्यात, एक त्या डब्यात, आणि भरणारी बाई ठाम.

बेटं तिची नव्हती.

ती बराच वेळ बसून राहिली. डॉक्टरने पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं. गप्प राहिलं तर सगळं फायद्याचंच होतं. भिंतीचा दोष रंगाऱ्यावर जाईल. स्टूल तर तिने मानाने सोडलं होतं, रक्ताच्या नावाने. डोळ्याचं कुणाला कळणारही नाही. होड्या राहतील, मेंढ्या राहतील. बोललं तर हे सगळं जाईल आणि हाती काय, तर ती एवढीशी गल्ली आणि बाळ्या. पण मग पोरगी जन्मभर दुसऱ्याचा नकाशा स्वतःचा म्हणून बघत बसेल. आणि पुन्हा कुणी विचारलं, कोणावर गेली, की पुन्हा पोस्टमन. आपल्याला तीन-चार आठवड्यांत बेटांनी केवढं दिलं. जिचं आहे तिला अजून पाहायलाही मिळालेलं नाही.

आत्या दुकानात परतली तेव्हा तिघेही होते. तिने केस बांधले.

"बाळ्या," ती म्हणाली, "तू माझाच भाऊ आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस."

भावाच्या हातातली ढवळणी खाली पडली. आत्या मग ठिपकीकडे वळली. हे वाक्य तिने रस्ता ओलांडताना जुळवलं होतं, पण थेंब कमीजास्त झालेच. "बेटं तुझी आहेत. मी चुकून वापरली. मला मलई आणि कापूस एकच दिसतात, वर्ष झालं. दिसत नाही मला, ठिपके."

भावाने वाकून ढवळणी उचलली. मग ठिपकी म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दोन्ही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पांढऱ्या रंगाचे डबे ठिपकी वर्षभर झाकण ठोकायच्या आधी गुपचूप सुधारत होती; इकडे निळ्याचा थेंब, तिकडे पिवळ्याचा. सुट्टीच्या दिवशी, कॉलेजवरून आल्यावर, जमेल तसं. परीक्षेत तेवढं राहिलं आणि नेमका डॉक्टरचा डबा गेला. निकालाचा घोळ तर तिला पडद्यासमोरच कळला होता, आईलाही. भावाला सोडून सगळ्यांना कळला होता. भाऊ म्हणाला की त्यालाही कळला होता, फक्त खात्री नव्हती. यावर भावजय नुसती हसली, आणि ते जास्त लागलं.

आत्याला राग आला होता, पण तो धरायला जागा सापडत नव्हती. तिने विचारलं की मग आपला नकाशा दुसरीने मिरवला तो बघत का बसलीस, मेले?

"तुझा डोळा गेलाय असं सगळ्यांसमोर मी सांगू?" ठिपकी म्हणाली. मग स्टुलाच्या दांड्यावर पाय आपटत, खाली बघत: "आणि मला भीती वाटत होती. तो नकाशा माझ्या नावाने उघडला असता, तर आई भांडी घासत बसली असती. आणि तू म्हणाली असतीस, म्हणूनच हिला डोळा नाही. तू तो आधी घालून बघितलास, तर केवढी नाचलीस त्यात. मला वाटलं, जरा बघू दे ना. माझं रक्त अंगावर कसं दिसतं ते."

आत्याने नाक पुसलं आणि रंगाच्या वासाला दोष दिला. भावजय एव्हाना एक धुतलेला डबा पुन्हा धुवायला घेत होती, तो भावाने तिच्या हातातून काढून घेतला. मग ठिपकीने नकाशा परत पडद्यावर लावला आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. बेटांची माळ, किनारा, पठार. तिने जवळ जाऊन एका बेटावर बोट ठेवलं, तिथे बोटाचा ओला निळा ठसा उमटला. पडदा खराब झाला म्हणून कुणी ओरडलं नाही. भाऊ म्हणाला की हे बघ, इथे केस कुरळे असणार, समुद्राची हवा. भावजय म्हणाली, दातांतली फट कुठली ते शोधा. मग सगळेच शोधू लागले; फट पठारावरची की बेटावरची यावरून एवढा वाद झाला की आलेलं गिऱ्हाईकसुद्धा त्यात पडलं आणि त्याने किनाऱ्याची बाजू घेतली.

आत्याने थोडा वेळ सोसलं. मग ती पुढे झाली. "बाजूला व्हा," म्हणाली. "तुम्हाला काय माहीत. मी राहिलेय तिथे." आणि तिने ठिपकीला पहिल्यापासून सगळं रीतसर समजावून दिलं, होड्या, मेंढ्या, वारे, एकेक करून हातात ठेवलं, भाड्याने घेतलेलं घर झाडून-पुसून मालकाच्या ताब्यात द्यावं तसं. घासाघीस तेवढी तिने स्वतःकडे ठेवून घेतली. ती म्हणाली, ती गल्लीतलीच निघाली.

स्टुलाचा प्रश्न उरला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग ठिपकीकडे, आणि वर्षानुवर्षांचं ते रक्ताचं वाक्य ओठांपर्यंत आलेलं सगळ्यांनी पाहिलं. तिने ते गिळलं. सोपं गेलं नाही. म्हणाली, "ऑपरेशन होईपर्यंत तू बस."

"आणि नंतर?"

"नंतर दुसरं स्टूल आणू. थोडं बुटकं."

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आत्या पहिल्यांदा डॉक्टरच्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली आणि रेघ बघून इतकी हरखली की त्याला ती पुसूच देईना. आणखी चार दिवस राहू दे म्हणाली. दुकानात आल्यावर तिला कळलं की कापूस चांगलाच निळा आहे, बाळ्याचं टक्कल चांगलंच गुलाबी आहे, आणि ठिपकीच्या नाकाच्या शेंड्यावर आत्ताही रंग लागलेला आहे. दोन स्टुलं खिडकीशी शेजारी लागली. कुठलं बुटकं यावर रोज भांडण होई, कारण भावाने सुताराला मापं सांगताना दोन्ही सारखीच सांगितली होती आणि आता तो तोंड लपवत होता.

मशीनवर टॉवेल अजून वाळत असे. फक्त आता दोन.

एका दुपारी एक नवी बाई कपाटासाठी हिरवा घ्यायला आली. दोघींनी एकदम मान वाकडी केली, एकदम एक डोळा बारीक केला आणि एकदम सांगितलं, काळ्याचा एक थेंब; मग आत्या म्हणाली दीड, ठिपकी म्हणाली एकच, आणि बाई एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तिने ठिपकीच्या केसांकडे पाहून हसत विचारलं, कोणावर गेली हो ही?

ठिपकीने उत्तरासाठी तोंड उघडलं. पण आत्या आधी बोलली.

"ती कशाला कोणावर जाईल," आत्या म्हणाली. "मीच तिच्यावर गेले होते. चांगली महिनाभर."

आणि काळ्याचा एकच थेंब टाकला.